गुर्द्याच्या टोकाचं गोड

बकऱ्याचा गुर्दा, म्हणजे किडनी, म्या जन्मात किती खाल्ला असंल त्याला गणती न्हाई. पण तो उभा चिरून आत काय काय असतं ते कधी पाह्यलं नव्हतं. खायची वस्तू माणूस खातो, तिच्यात डोकावत बसत न्हाई. औंदा डोकावलो, अन् तवापासून डोक्यात जो गुंता झालाय तो सुटायचं नाव घेत न्हाई. बोलायला घरात आता कोणी न्हाई, म्हणजे माणसं आहेत, पण ज्या माणसाजवळ असलं काहीबाही बोलायचो ते गेलं. म्हणून लिहून पाहतो. चौथीपर्यंत शिकलेलो आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आधी नवसाचं सांगावं लागंल, कारण सगळं तिथून निघालं.

माझी बायको गेल्या हिवाळ्यात गेली. तिला शुगर होती, पुष्कळ वर्षांची. आधी पायाला मुंग्या यायच्या, मंग डोळ्याला कमी दिसायला लागलं, मंग किडन्या बसल्या. त्याच्यानंतर हप्त्यातून दोनदा तिला मशीनवर रक्त धुवायला जालन्याला न्यायचो. आमचं गाव केदारखेड्याच्या पल्याड. सकाळी जीप धरायची, राजूरवरून जालना, अन् दिवस कलताना वापस. येताना तिच्या अंगात काही राह्यलेलं नसायचं, डोकं माझ्या खांद्यावर टाकून पडायची. चारचौघात नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकणारी बाई नव्हती ती. पण मशीननं लाज बी धुऊन नेली असं तीच म्हणायची.

डॉक्टरनं पाणी बांधून दिलं होतं. दिवसाला एवढंच, त्याच्या वर घोट न्हाई. किडनी पाणी भाहेर टाकत न्हाई, मंग ते छातीत चढतं, असं सांगितलं होतं. पेला माझ्या हातात असायचा. उन्हाळ्यात ती माठाकडं बघायची अन् म्या दुसरीकडं बघायचो. म्या डॉक्टरला म्हणलं, माझी एक काढून हिला बसवा. डॉक्टर हसला न्हाई, बरा माणूस होता. म्हणला, बाबा, तुमच्या वयाला तुमचीच तुम्हाला पुरू द्या.

तर अशाच एका वापसीला, राजूर सोडल्यावर रस्त्याच्या कडेला जी टेकडी आहे, जिच्यावर पीर आहे, तिथं जीप आली अन् हिनं डोकं उचललं, हात जोडले अन् म्हणली, "बकरा बोलले मी."

म्या म्हणलं, "कोणाला?"

"पीराला. अजून कोणाला, जीपवाल्याला?"

"कशापायी बोललीस?"

"तुम्हाला काय करायचं? फेडा म्हणजे झालं."

"अगं, पण मागितलं काय?"

"सांगितलं की फळत न्हाई," म्हणली, अन् परत डोकं टाकलं. म्या बी जास्त खोदलं न्हाई. वाटलं, नंतर सांगंल. नंतर काही राह्यलंच न्हाई.

आता बघा पेच कसा आहे. नवस फळला तर फेडायचा, न्हाई फळला तर देणं लागत न्हाई, हा जगाचा कायदा. तिनं आपल्या जिवासाठी मागितलं असंल तर ती गेली, पीरानं ऐकलं न्हाई, बकरा द्यायचं कारण न्हाई. पोरगा हेच म्हणला. "दादा, माय जगावी म्हणूनच बोलली असंल. अजून कशाला बोलंल माणूस मशीनवरून येताना?" पण सून म्हणली, "मामा, आत्यानं आपल्या जिवासाठी कधी काही मागितलेलं मला तरी ठाऊक न्हाई. भाकर बी सगळ्यांच्या नंतर घ्यायच्या." ते बी खरं. मंग कोणासाठी मागितलं? पोराच्या पाठदुखीसाठी? नातीच्या शिक्षणासाठी? ते तर बराबर चालू आहे. म्हणजे फळलं का? म्हणजे देणं लागतं का? आमच्याकडं म्हणतात, बोललेला नवस ठेवून माणूस गेलं तर ते वाटेत अडकून पडतं. ती अडकली असंल का, हे कोणाला विचारायचं?

म्या शेवटी एकच धरलं. ती "फेडा" म्हणली. काय मागितलं ते तिचं अन् पीराचं, फेडायचं माझं. अन् फेडायचं तर असं फेडायचं की बोट ठेवायला जागा राहू नये. ह्याच्याशिवाय तिच्यासाठी करण्यासारखं माझ्याजवळ दुसरं काहीच राह्यलं नव्हतं.

बकरा घरचाच होता, तिच्याच शेळीचा. ती आजारी असताना जन्मलेला. तिच्या खाटेचं सुंभ कुरतडायचा अन् तिच्या शिव्या खायचा.

कंदुरी ज्यांना ठाऊक न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. पीराच्या नावानं बकरा कापायचा, मुलाण्यानं कलमा म्हणून सुरी फिरवायची, तिथंच चुली मांडून शिजवायचं, मलिदा करायचा, पीराला निवद दाखवायचा अन् गावाला जेवू घालायचं. आमच्या आज्या-पणज्यापासून आम्ही करतो. अन् ह्यातला मोठा नेम असा की कंदुरीचं काहीच शिवेबाहेर जात न्हाई. टेकडीच्या पायथ्याला पांढऱ्या चुन्याच्या दगडांची रांग आहे, ती शीव. भाकरीचा तुकडा उरला तरी तिथंच कोणाच्या तरी तोंडात जायचा, हाडकं तिथंच पुरायची. लेकरू हातात नळीचं हाडूक धरून खाली पळायला लागलं तर बाया वरडतात. काही भाहेर गेलं की नवस मोडला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नात आली. पोराची थोरली. जनावराची डॉक्टर झालीय, अन् आता त्याच्या बी पुढचं शिकते. येताना थर्माकोलचा पांढरा डबा घेऊन आल्ती. सून वसरीवर लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती, फोडींना मीठ चोळून पातेलं उन्हात ठेवलेलं. नात तिथंच बसली अन् म्हणली,

"आबा, कंदुरी कधी आहे?"

"येत्या गुरुवारी."

"बकऱ्याचे गुर्दे मला देता का?"

म्या म्हणलं, "तुला तर मटणाच्या वासानं मळमळतं. गुर्दे कशाला?"

"खायला न्हाई. तपासायला."

"त्याला काय झालंय? चांगला टणाटणा उड्या मारून राह्यलाय."

मंग तिनं सांगायला सुरू केलं. इंग्रजी नावं घेतली ती माझ्या ध्यानात न्हाईत, एकच राह्यलं, सॉर्बिटॉल. म्हणली, "आबा, गुर्दा भाहेरून आतपर्यंत एकसारखा नसतो. भाहेरच्या भागात खार बेताचा. जसजसं आत जावं तसतसं खारट होत जातं, अन् अगदी आतल्या टोकाला तर या पातेल्यासारखं."

"काहून?"

"पाणी वढून घ्यायला. लघवी भाहेर पडायच्या आधी त्या खारातून जाते, खार तिच्यातलं पाणी वढतो, ते अंगात वापस जातं. तसं नसतं तर जनावर जेवढं पितं तेवढं मुतून मोकळं झालं असतं. उन्हाळ्यात टिकलंच नसतं."

इथपर्यंत मला समजलं. तिनं पातेल्यातली फोड उचलली. सकाळी कापली तेव्हा टच्च होती, आता तिच्या कडा वळल्या होत्या, खाली पाणी सुटलेलं.

"पण त्या खारात ज्या बारीक पेशी बसल्यात, त्यांचं बी पाणी वढलं जाणार ना? या फोडीसारख्या सुकतील त्या. म्हणून त्या आपल्या पोटात एक वस्तू बनवून भरून ठेवतात. तेच सॉर्बिटॉल. साखरेपासूनच बनतं, गोडसर असतं. ते आत असलं की भाहेरच्या खाराला तोंड देता येतं. म्हणून भाहेरच्या भागात ते जवळपास नसतंच, अन् आतल्या टोकाला ढीगभर. कुठं किती, तेच मी मोजते."

"म्हणजे किडनीत साखर असते?"

"साखर न्हाई, साखरेची चुलत बहीण समजा. शास्त्रात शुगर अल्कोहोल म्हणतात. नशा नसते त्यात."

पोरगा खाटेवर पडल्या पडल्या म्हणला, "घ्या, शुगर कमी होती, आता दारू बी."

सून हसली. मला हसू आलं न्हाई. माझं डोकं दुसरीकडंच गेलं होतं. एवढी वर्षं आम्ही काय केलं? गूळ बंद केला, चहा फिका केला, घरात पुरणपोळी झाली न्हाई, पोळ्याला बी न्हाई. तिला एकटीला बंद कसं करायचं म्हणून सगळ्यांनी सोडलं. का, तर गोडानं किडनी जाते. अन् ही पोरगी म्हणते, गोडच किडनीला राखून राह्यलंय. मला राग आला. कोणाचा आला ते सांगता येत न्हाई.

म्या म्हणलं, "मंग तुझ्या आजीला काहून न्हाई राखलं त्यानं?"

तिनं फोड पातेल्यात वापस ठेवली. मंग हळू आवाजात म्हणली, "आबा, जागेचं आहे ते. आतल्या टोकाला असतं तिथं कामाचं. पण रक्तात साखर फार वर्षं जास्त राह्यली की ते नको तिथं बनायला लागतं. पायाच्या नसांत, डोळ्याच्या भिंगात. गुर्द्याच्या भाहेरच्या भागात बी बनतं, अन् तिथं नुकसान करतं असं काही जण म्हणतात. पण किडनी त्यानंच जाते असं पक्कं कोणी सांगत न्हाई. कारणं पुष्कळ आहेत."

पायाला मुंग्या. मंग डोळे. म्या तिच्या तोंडाकडं बघत राह्यलो. हिला कोणी सांगितलं नव्हतं, हिनं पुस्तकात वाचलेलं, अन् आमच्या घरात एकामागं एक तेच झालेलं. पण किडनीचं विचारलं तर पक्कं न्हाई म्हणते. मंग जे पक्कं ठाऊक न्हाई त्याच्यापायी आमची बाई गेली का? म्या पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं, अन् दुसऱ्या वेळेला पहिल्यापेक्षा कमी समजलं.

"पण हाच बकरा काहून?" सूनच म्हणली. "खाटकाकडं रोज पडतात."

"तिथलेच तपासते मी. पण ते बाजाराचे बकरे. टेम्पोत भरून कुठून कुठून येतात, कधी पाणी पिले, किती तहानलेले होते, कोणी सांगू शकत न्हाई. अन् तहानेवर ते गोड बदलतं. जनावर तहानलेलं राह्यलं की आत खार वाढतो, मंग गोड बी वाढतं. पोटभर पाणी पिलं की कमी होतं. मला असा एक पाह्यजे ज्याचं पाणी मला ठाऊक आहे. ह्याला आबा आपल्या हातानं पाजतात."

म्या म्हणलं, "कंदुरीचं काही शिवेबाहेर जात न्हाई."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे अन् मागून राह्यली?"

"ठाऊक आहे म्हणूनच मागून राह्यले. न विचारता नेला असता तर कोणाला कळलं असतं? एवढ्या मटणात गुर्दा कोण हुडकतं?"

चोरून नेला असता तर पाप तिचं होतं. विचारलं, अन् ओझं माझ्यावर टाकलं. म्या आवाज चढवला, "दुसरा बकरा विकत घे, पाणी पाज, काप, मोज. हा तुझ्या आजीचा नवस आहे."

ती बी माझीच नात. तिचा बी आवाज चढला. "आजीची किडनी कशानं गेली म्हणून मी कोणालाबी विचारलं की एकच, शुगरनं गेली. शुगरनं म्हणजे कसं, आत काय झालं, हे कोणी सांगितलं न्हाई. म्हणून मी हे घेतलं शिकायला. अजून मला बी कळलेलं न्हाई. हा आजीचा बकरा आहे म्हणून मागितला, आबा. नसंल द्यायचा तर राहू द्या." अन् उठून आत गेली. सून पातेलं हलवत बसली.

दुसऱ्या दिवशी म्या टेकडीवर, पीराची देखभाल करणाऱ्या मुजावराकडं गेलो. तो अन् म्या एकाच वयाचे, लहानपणी एका विहिरीत पोहलेलो. माणूस बोलायला खवट आहे पण मनात काही ठेवत न्हाई. म्या त्याला सगळं सांगितलं. खार, गोड, टोक, तहान. त्यानं दाढी खाजवत ऐकून घेतलं.

"पाटील, तेरे कू समजा क्या ये सब?"

"अर्धं."

"मंग मला चार आण्याचं समजलं. बोल, पूछना क्या है?"

"गुर्दा शिवेबाहेर गेला तर नवस मोडतो का?"

"मोडतो. मेरे बाप के टाइम से मोडतो."

"बिलकुल?"

"बिलकुल." मंग जरा थांबला. "कातडं जातं. कातडं तर नेतातच खाली, कोणी काही बोलत न्हाई. कातडं खायचं न्हाई ना. खायचं ते इथंच."

"मंग पोरगी खाणार न्हाईच म्हणते. तपासणार."

"पर गुर्दा तो खाने की चीज है."

"तेच म्हणतोय म्या."

"तेच म्हणतोय तर मला काहून इचारतो?" मुजावर चिडला. "तुझ्या बायकोनं नवस बोलला, काय बोलला तुला म्हाईत न्हाई. तुझी नात गुर्दा मागते, कशाला ते तुला अर्धं म्हाईत. अन् मी बसलोय इथं अगरबत्त्या विकत, मी सांगू? पीर को पूछ. अंदर जा, पूछ."

म्या आत गेलो. चादरीपुढं बसलो. विचारलं. आत गार होतं, उदाचा वास होता. बसून बसून पाय भरून आले अन् उठलो. मुजावर भाहेर म्हणला, "क्या बोले?" म्या म्हणलं, "काही न्हाई." तो म्हणला, "मेरे कू भी कभी नहीं बोले. चल, चहा घे. शक्कर वाला घेतोस का अजून फिकाच?" म्या फिका घेतला. सवय झालीय.

घरी येऊन नातीला सांगितलं, गुर्दा भाहेर जाणार न्हाई. ती "बरं" म्हणली. एवढंच. रुसली न्हाई, तोंड पाडलं न्हाई, उलट आईला मसाला वाटून देऊ लागली. मला वाटलं, भांडली असती तर सोपं गेलं असतं.

गुरुवारी सकाळी बकरा सोडायच्या आधी म्या त्याच्यापुढं बादली ठेवली. कापायच्या आधी जनावराला पाणी पाजतातच, तसा नेम आहे. त्यानं तोंड घातलं अन् पीत राह्यला. कान हलवत, मधी थांबून नाक फुरफुरवत, परत पीत. म्या उभा राहून बघत होतो. कोणी पोटभर पाणी पितंय हे बघायला बी किती बरं वाटतं ते मला ठाऊक नव्हतं. नात दारात उभी होती. ती बी बघत होती.

ट्रॅक्टरमधी भांडी, पीठ, बाया, लेकरं घालून टेकडीवर गेलो, उरलेली माणसं जीपनं आली, ती जीप खाली शिवेच्या पल्याड लावली. मुलाण्यानं त्याचं काम केलं. त्याचा हात साफ आहे, बकऱ्याला त्रास झाला न्हाई. पोट फाडल्यावर त्यानं दोन्ही गुर्दे चरबीसकट काढून पाटीत टाकले. वाफा निघत होत्या. नात पुढं आली, म्हणली, "आबा, एक चिरून फक्त दाखवू? मंग शिजायला भगुण्यात टाका."

म्या मान हलवली.

तिनं चरबी सोलली, दगडावर गुर्दा ठेवला अन् मधोमध उभा चिरून पुस्तकासारखा उघडला. भाहेरून गडद तांबूस पट्टा, त्याच्या आत अजून गडद, जांभळट, रेषा रेषा असलेला, अन् सगळ्यात आत मधोमध एक फिक्कट धार, पांढुरकी. तिनं सुरीचं टोक भाहेरच्या पट्ट्यावर ठेवलं. "इथं जवळपास न्हाईच." मधल्या पट्ट्यावर. "इथं थोडं." मंग त्या फिक्कट धारेवर. "अन् इथं."

एवढीशी जागा. बोटाच्या पेराएवढी बी न्हाई. म्या त्या धारेवर बोट ठेवलं. गरम होती, चिकट होती. बोट जिभेला लावावं असं मनात आलं, ते ओळखून ती म्हणली, "नका, आबा. कळणार न्हाई चवीनं."

"मंग कशानं कळतं?"

"यंत्रानं. पण त्याआधी लगेच गोठवावं लागतं. उन्हात ठेवलं की आतलं सगळं बदलतं."

ती उठली अन् हात धुवायला गेली. परत मागितला न्हाई. दुसरा गुर्दा पाटीत तसाच पडला होता, अख्खा, चरबीत गुंडाळलेला, अन् ऊन चढत होतं.

ह्याच्यापुढं म्या जे केलं त्याचं कारण मला विचारलं तर मला आज बी नीट सांगता येत न्हाई. मनात असं आलं की बायकोनं नवस जर ह्या पोरीसाठीच बोलला असंल तर? पोरीचं शिक्षण पुरं होऊ दे म्हणून? मंग बकरा कोणाचा? अन् लगेच उलटं आलं, पोरीसाठी बोलली असंल तर नवस मोडून कसं चालंल, तिलाच बाधंल ना. दोन्ही एकदमच आलं. ऊन वाढत होतं. विचार करायला वेळ असता तर म्या विचारच करत बसलो असतो.

म्या पाटीतला गुर्दा उचलला, स्टीलच्या वाटीत घातला, अन् नातीला म्हणलं, "डबा कुठं आहे तुझा?"

ती बघतच राह्यली. "जीपमधी. खाली. दगडाच्या भाहेर ठेवलाय. जीपवाल्याकडून सकाळीच जालन्याहून कोरडा बर्फ भरून मागवलाय, उद्या परत जाताना खाटकाकडून गुर्दे घेणार होते."

"चल."

"आबा, द्या माझ्याजवळ, मी पळत नेते."

"तू न्हाई. तू हात लावू नको. भाहेर म्या काढणार. दोष लागायचा तर मला लागू दे, माझं आता काय राह्यलंय."

उतरायला लागलो. गुडघे साथ देत न्हाईत, पण उतरलो. मागून पोरगा वरडला, "दादा, काय चाललंय? वाटीत काय आहे?" म्या वळलो न्हाई. बाया चुलीवरून बघत होत्या. मुजावर त्याच्या ओट्यावर बसला होता. त्याच्यापुढून जाताना वाटलं, हा आडवंल. त्यानं वाटीत बघितलं, माझ्याकडं बघितलं अन् म्हणला, "जेवायला जल्दी ये. भाकरी गार होतात."

चुन्याच्या दगडांपाशी थांबलो. वाटीत रक्त साचलं होतं. नात माझ्या बाजूला, धापा टाकत. म्या एक पाय दगडाच्या पल्याड टाकला. काहीच झालं न्हाई. दुसरा टाकला. काय व्हायला पाह्यजे होतं ते बी मला ठाऊक नव्हतं. जीपमधला डबा तिनं उघडला, आतून धुरासारखी वाफ आली. तिनं तिथंच गुर्दा चिरला, भाहेरचं वेगळं, मधलं वेगळं, टोक वेगळं, बारक्या डब्यांत घातलं अन् झाकण लावलं. हात भराभर चालत होते अन् डोळ्यातलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, तर ती खांद्याला गाल घासत होती.

म्या वर जाऊन जेवलो. पोरगा माझ्याशी बोलला न्हाई. जेवून लोकं गेली.

गावात बोलणं झालंच. माझी चुलतबहीण घरी येऊन म्हणली, "दादा, नवस मोडलास तू. वहिनीला वाटेतच ठेवलंस. दुसरा बकरा कर." पोरगा म्हणला, करू. सून म्हणली, "मामाला जे बरं वाटंल ते." म्या मुजावराकडं गेलो तर तो म्हणला, "एक गुर्दा अंदर, एक भाहेर. मेरे बाप ने ऐसा केस देखाच नहीं. तूच ठरव."

मंग नातीचा फोन आला. म्हणली, मोजून झालं. टोकाला गोड होतं, भाहेरच्या भागात नावाला, जसं असायला पाह्यजे तसं. पण बाजारातल्या बकऱ्यांच्या टोकाला जेवढं निघतं त्याच्यापेक्षा कमी. "पाणी भरपूर पिलेला होता ना आपला," म्हणली. "त्याच्यानंच असंल. पण एका बकऱ्यावरून काही ठरत न्हाई, आबा. अजून पुष्कळ बघावे लागतील."

म्या विचारलं, "अन् तुझ्या आजीच्या टोकाला काय असंल? ती तर तहानलेलीच होती."

मंग म्हणली, "आजीचं तसं न्हाई सांगता येत, आबा. निकामी झालेल्या किडनीत ते टोक, ती रचनाच बराबर राहत न्हाई. तहान लागायची ती वेगळ्या कारणानं." अजून बरंच सांगितलं. म्या हं हं केलं. किती समजलं ते विचारू नका.

दुसरा बकरा करायचा का, ते अजून ठरलेलं न्हाई. चुलतबहीण येते अन् बोलून जाते, पोरगा बाजाराचा वार सांगतो, अन् म्या "बघू" म्हणतो. बायको असती तर एका शब्दात सांगितलं असतं. "फेडला," नाहीतर "अर्धाच फेडला, तुम्हाला एक काम धड करता येत न्हाई." अन् ती अर्धा म्हणली असती तर म्या त्याच दिवशी दुसरा आणून बांधला असता, एका अक्षरानं वाद घातला नसता. तिच्या खाटेकडं बघून म्या एकदोनदा मोठ्यानं विचारलं बी. सून आतून म्हणली, "मामा, मला बोलावलंत का?"

म्या म्हणलं, न्हाई.